निवृत्तीनं बसवलेला हूक

नवऱ्याचं नाव बायका घेत नाहीत. उखाण्यात घेतात, तेही आढेवेढे घेत, तोंडाला पदर लावून. मी सरळ घेते. शालिग्राम. ज्याला ऐकवत नसेल त्यानं कान झाकावेत.

महाराष्ट्र वेगळा होऊन थोडी वर्षं झाली होती, तेव्हा शालिग्रामनं जीप घेतली. मिलिटरीच्या लिलावातली, रंग उडालेली, एक दार नसलेली. अमडापुरात तोवर जीप यायची ती साहेबाला घेऊन. आमच्या जीपमध्ये वांगी बसायची. मागची बाकडी काढून शालिग्रामनं तिथं फळ्या ठोकल्या आणि पहाटे कोबी, वांगी, मिरच्या भरून चिखलीच्या बाजारात जायला लागला. पण जीप ती केवढीशी! निम्मा माल वावरातच राहायचा. तो बैलगाडीनं पाठवावा तर बाजार उठल्यावर पोचायचा, आणि उन्हानं माना टाकलेली मेथी कोण घेतो? म्हणून जीपला मागे लावायची दोन चाकांची ट्रॉली घ्यायचं ठरलं. ट्रॉलीसाठी बैलजोडी विकली.

बैल गेले त्या दिवशी माझे सासरे हिंमतराव जेवले नाहीत. मला त्यांचं वाईट वाटलं होतं, हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल चांगलं बोलणार नाही. गाडी भरावी तर हिंमतरावांनी, असं पंचक्रोशीत म्हणायचे. माल मागे जास्त झाला की गाडी उलार होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त झाला की सगळा भार मानेवर. हिंमतराव पोती अशी रचायचे की भरल्या गाडीचं जू दोन बोटांवर उचलून दाखवायचे. त्यांच्या बैलांच्या मानेला कधी जखम झाली नाही. मुक्या जिवाच्या मानेवर ओझं देणं म्हणजे त्यांना पाप वाटायचं, आणि दुसऱ्या कुणी तसं केलेलं दिसलं तर भर रस्त्यात त्याचा बाप काढायचे.

ट्रॉली तर आली, पण जीपला ती अडकवायला हूकच नव्हता. लिलावाच्या आधी कुणीतरी तो काढून घेतला होता. खामगावच्या एका कारखान्यात शालिग्राम विचारून आला तो तोंड पाडूनच. हूक, पट्ट्या, मागच्या दिव्याचं वायरिंग, सगळं मिळून त्यांनी असा भाव सांगितला की जणू जीपच पुन्हा विकत घ्यायची होती. बिनदिव्याची ट्रॉली नेली तर चिखलीच्या नाक्यावर पोलीस रोज हात आडवा करणार, म्हणजे वायरिंगही सुटत नव्हतं.

माझ्या सासूबाई झुंबरबाई चुलीपुढून म्हणाल्या, "सुनबाईचा भाऊ काय कामाचा मंग? थो करते नं हेच धंदे?"

निवृत्ती माझ्या पाठचा. चिखलीला त्याचं पत्र्याचं लहानसं दुकान होतं, वेल्डिंगचं आणि गाड्यांच्या फिटिंगचं. नवं दुकान, हाताशी कुणी नाही, गिऱ्हाईक अजून जमायचं होतं. जीप आणि ट्रॉलीवाले तालुक्यात मोजके, सगळे एकमेकांना ओळखणारे. एकानं नाव घेतलं की दुसरा यायचा. म्हणून या कामाचं त्याला कोण अप्रूप! बहिणीच्या घरची मजुरी घ्यायची त्याला लाज वाटली, म्हणून मजुरी घेतलीच नाही. लोखंडही त्यानं काटकसरीनं जमवलं. मोडीत निघालेल्या एका ट्रकचा जाड हूक भंगारवाल्याकडून आणला, त्याला कुठं तडा आहे का ते हातोडीनं ठोकून, आवाज ऐकून पाहिलं. हूक त्यानं बंपरला नाही लावला. चेसिसच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या नेऊन बोल्टनं आवळला. पाचपिनी सॉकेटही ट्रकचंच. वायर मात्र नवी घेतली. "वायरीत कंजूषी नाही करत, बाई," मला म्हणाला, "तिथं ठिणगी पडली तं सारी जीपच जाईन." जीपचे दिवे लावले की ट्रॉलीच्या पाठीवरचा लाल दिवा लागायचा आणि ब्रेक दाबला की आणखी उजळायचा. शालिग्राम लहान पोरासारखा पुन्हा पुन्हा ब्रेक दाबत होता आणि मी मागे उभी राहून "लागला", "लागला" म्हणत होते. त्या दिवशी मला माझ्या भावाचा किती अभिमान वाटला, काय सांगू.

निघताना निवृत्तीनं ट्रॉलीच्या दांड्यावर हात ठेवला.

"भाऊजी, एक गोष्ट ध्यानात ठेवा. माल पुढं भरा. जड पोती दांड्याकडं. हुकावर भार बसला पाहिजे. हा दांडा उचलाले दोन गडी लागले पाहिजेत. एकट्याच्यानं सहज उचलला गेला तं समजा, माल चुकीचा भरला. मागं भार गेला की ट्रॉली डुलते, अन् उतारावर डुलली तं मंग आवरत नाही."

"हाव, हाव," शालिग्राम म्हणाला. मी तिथंच होते. मी ऐकलं, त्यानं ऐकलं.

घरी आलो. हिंमतराव ओसरीवर बसले होते. ट्रॉली अंगणात उभी राहिली तसे उठले, तिच्याभोवती एक फेरी मारली, चाकाला हात लावला. बैल गेल्यापासून माणूस पहिल्यांदा आपणहून उठला होता. शालिग्रामला तेवढ्यानंच भरून आलं. म्हणाला, "बा, आता भरायचं तुमच्याकडं."

झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे हिंमतरावांनी ट्रॉली भरली, त्यांना येत होती तशी. जड पोती मागे, हलकी पुढे, सगळं तोलून. आणि मग शेजारीपाजारी बघत असताना भरल्या ट्रॉलीचा दांडा दोन बोटांवर उचलला आणि हुकात टाकला. लोकांनी वाहवा केली. "म्हातारबाच्या हातात जादू हाये!" म्हातारा कितीतरी दिवसांनी हसला. मला मात्र निवृत्तीनं सांगितलेले दोन गडी आठवले.

वाटेत मी शालिग्रामच्या शेजारी बसले होते. बाजारात पाल टाकून मीही भाजी विकायची. धाकटा दीर पंजाबराव मागे ट्रॉलीवर, पोत्यांच्या वर, गाणी म्हणत. नाल्याच्या उतारावर ट्रॉली जराशी डुलली. जीपचं बूड कुणीतरी धरून हलवावं तसं वाटलं.

मी म्हटलं, "निवृत्तीनं काय सांगतलं होतं?"

"माहीत हाये मले."

"मंग बाले सांगा."

"त्यायले कोण सांगन? जन्मभर गाडी भरली त्यायनं. आज कुठं हासले, अन् मी जाऊन सांगू का तुमाले भरता येत नाही म्हणून?"

"मीच सांगते."

"तू?" त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी जीपच चालवायला मागितली होती.

सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही, आमच्याकडे तरी तेव्हा बोलत नव्हती. काही सांगायचं तर सासूला सांगायचं, सासू त्यांना सांगणार. जेवण झालं का हे विचारायलासुद्धा भिंतीला बोलल्यासारखं बोलायचं. मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुह्या भावानं मागल्या साली हातोडी धरली. त्यायले शिकवतं का थो?" आणि ते सासऱ्यांपर्यंत पोचवलंच नाही. मग मी पुन्हा शालिग्रामच्या मागे लागले. अंथरुणावर, विहिरीवर, बाजारातून येताना. तो दर खेपेला "सांगतो, सांगतो" म्हणायचा. वांगी आणि मेथी असली की ट्रॉली हलकी असायची, डुलली तरी सावरायची. तेवढ्यावर तो दिवस ढकलत राहिला. एवढा थोराड माणूस, बाप समोर आला की तोंडात मिठाची गुळणी.

मग कोहळ्यांचा हंगाम आला. कोहळी म्हणजे दगडच. हिंमतरावांनी सगळी मागच्या फळीला लावून रचली, पुढे कोथिंबिरीच्या जुड्या. दांडा दोन बोटांवर उचलला. त्या दिवशी मी जीपमध्ये नव्हते, घरी पाहुणे होते. अजून नीट उजाडलंही नव्हतं तेव्हा कुणीतरी ओरडत आलं की नाल्याच्या उतारावर ट्रॉली उलटली.

आम्ही धावत गेलो. जीप रस्त्यात आडवी उभी होती. ट्रॉली कुशीवर पडलेली, कोहळी फुटून नाल्यापर्यंत गेलेली, आणि ट्रॉलीच्या फळीखाली पंजाबरावाचा पाय. तो ओरडत नव्हता, नुसता दातओठ आवळून होता. शालिग्राम फळीला खांदा लावून रडत होता. आणि ट्रॉलीच्या पाठीवरचा लाल दिवा तसाच जळत होता. हूक तुटला असता तर पिन निसटली असती, दिवा विझला असता. हूक जागचा हलला नव्हता. ट्रॉली सरळ करायच्या आधी दांडा त्यातून सोडवायला लोकांना पहार घालावी लागली. हे सगळ्या गावानं पाहिलं.

पंजाबरावाला बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं. पाय कापला नाही, एवढंच. गुडघ्याखाली हाडांचा चुरा झाला होता. काठीशिवाय तो पुन्हा कधी चालला नाही, आणि गाणी तर सोडलीच.

तो घरी आला तेव्हा भेटायला माणसांची रीघ लागली. जो तो विचारायचा, कसं झालं? आणि हिंमतराव सांगायचे, "कसं काय? भंगाराचा हूक! साळ्यानं फुकट बसून देल्ला. फुकटाचं ते असंच ढिलं. हूक ढिला म्हणून ट्रॉली डुलली." दर वेळी तेच. सांगता सांगता त्यांचा आवाज चढायचा. शालिग्राम शेजारी बसून जमीन उकरत असायचा. एकदाही त्यानं मान वर केली नाही.

निवृत्तीच्या कानावर हे गेलंच. चिखलीच्या बाजारात अमडापूरची निम्मी माणसं, कानावर जायला कितीसा वेळ! एक दिवस तो मोसंबी घेऊन आला. ओसरी माणसांनी भरलेली होती. तो पायरीवरच बसला. कुणी त्याला वर ये म्हटलं नाही. मी दाराआड उभी होते. माझ्या भावाला माझ्या घरात पाणी मिळालं नाही, आणि द्यायला मी पुढे झाले तर सासूबाईंनी तांब्या माझ्या हातातून काढून घेतला.

तो हात जोडून म्हणाला, "पंजाबरावचं झालं ते लय वाईट झालं. मले रात्री झोप नाही. पण भाऊजी, तुमी सांगा. चार लोकायच्या समोर सांगा. हूक तुटला का? ढिला होता का? अन् माल कसा भरा म्हणून सांगतलं होतं मी?"

सगळे शालिग्रामकडे बघत होते. हिंमतरावही बघत होते. मी मनात म्हटलं, बोला. आता तरी बोला. एक वाक्य. तुमच्या बापाला कमीपणा येईल, चार दिवस येईल. या पोराचं तर दुकान आहे.

शालिग्राम म्हणाला, "हूक ढिलाच होता."

निवृत्तीनं मोसंब्यांची पिशवी पायरीवर ठेवली.

मग मी बोलले. डोईवरचा पदर पुढे ओढला, पण दाराआडून बाहेर आले आणि लग्नानंतर पहिल्यांदा सासऱ्यांच्या तोंडापुढे बोलले. "मामाजी, हूक पक्का होता. माल मागं भरला होता. ट्रॉलीले बैलाची मान नसते. तिले पुढं भार लागते. निवृत्तीनं ह्यायले सांगतलं होतं, मी आयकलं हाये. ह्यायनं तुमाले सांगतलं नाही."

हिंमतरावांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते सासूबाईंना म्हणाले, "सुनबाईले आत ने."

मला आत नेलं. नेलं म्हणजे दंडाला धरून ओढलं. बाहेर कुणीतरी म्हणालं, भावाची बाजू घेणारच ती. दुसरं कुणीतरी म्हणालं, अशी तोंडाळ सून घरात असल्यावर ट्रॉली उलटणारच. ओसरीवर हसू फुटलं. त्याच दिवशी ठरलं की निवृत्तीनं या घरची पायरी चढायची नाही आणि मी माहेरी जायचं नाही. भाऊबीजही बंद.

जुना हूक काढायचं फर्मान निघालं. तो शालिग्रामनंच काढला. ढिला हूक म्हणे! पान्याला लांब पाईप लावून तो दुपारभर बोल्टांशी झटत होता, घामानं निथळत, तळहात सोलून घेत. एकेक बोल्ट किरकिर करत सुटला. मी गव्हाचं सूप घेऊन समोरच बसले होते. मुद्दाम बसले होते. त्यानं एकदाही वर पाहिलं नाही. वायरिंग मात्र ठेवलं. ते चांगलं चालत होतं आणि नव्याला पुन्हा पैसे पडले असते.

नवा हूक खामगावच्या त्याच कारखान्यातून आला, त्यांच्याच भावानं, लाल रंग दिलेला. गावातल्या लोकांनी त्याला हात लावून पाहिलं. निवृत्तीकडे यायचे ते दोन-चार जीपवालेही मग खामगावला जायला लागले. "सख्ख्या बहिणीच्या घरी असं काम केलं, मंग आपलं काय करन?" असं म्हणायचे. त्याचं दुकान काही दिवस उघडं राहिलं, मग मोडलं. गॅसच्या टाक्या विकून तो अकोल्याला दुसऱ्याच्या हाताखाली कामाला गेला. मला हे बाजारातल्या एका मिरचीवालीकडून कळलं.

नव्या हुकाची पहिली खेप होती तेव्हा पंजाबराव नव्हता, मी आणि शालिग्राम दोघंच होतो. हिंमतरावांनी ट्रॉली भरली. त्यांनी आपली पद्धत काही सोडली नव्हती. दांडा उचलला, हुकात टाकला, गावातून वाजतगाजत निघावं तशी जीप निघाली. शेवटचं वावर मागे पडलं आणि बाभळींच्या आड शालिग्रामनं जीप थांबवली. खाली उतरला. काही न बोलता ट्रॉलीवर चढला आणि मागची पोती ओढून पुढे आणायला लागला. दोन पोती आणली, तिसरं त्याला एकट्याला झेपेना.

"जरा हात लाव," मला म्हणाला.

मी रस्त्यावर उभी राहून त्याच्याकडे बघत राहिले.

"हे तं निवृत्ती सांगत होता."

"माहीत हाये."

"मंग लोकायच्या समोर काऊन नाही बोलले?"

"बाची मान खाली गेली असती."

"अन् माह्या भावाची?"

ते पोतं त्यानं एकट्यानंच ओढलं. नाल्याच्या उतारावर ट्रॉली रुळावरून गेल्यासारखी सरळ गेली. चिखलीला एक अडत्या म्हणाला, "शालिग्रामभाऊ, नवा हूक लय बेस हाये. आता कशी सरळ येते!" आणि शालिग्राम म्हणाला, "हाव. खामगावचं काम हाये."

त्यानंतर रोज तेच. घरी बाप मागे भरायचा, बाभळींपाशी पोरगा पुढे करायचा. मी हात लावला नाही. मी वाट बघत होते की कधीतरी हे त्याला सहन होणार नाही.

मग दिवाळीच्या आधी एका पहाटे मी चूल पेटवायला उठले आणि अंगणात पाहिलं. हिंमतराव ट्रॉली भरत होते. कांद्याची पोती होती. एकेक पोतं छातीशी धरून ते पुढे नेत होते आणि दांड्याच्या अंगाला रचत होते. सगळी जड पोती पुढे. मागे कोथिंबीर. भरून झाल्यावर त्यांनी दांड्याला दोन बोटं लावली नाहीत. शालिग्रामला हाक मारली. दोघांनी मिळून, कण्हत, तो दांडा उचलला आणि हुकात टाकला. बापानं लेकाकडे पाहिलं नाही, लेकानं बापाकडे पाहिलं नाही. मी दारात उभी आहे हे हिंमतरावांना दिसलं. ते वळून गोठ्याकडे गेले. रिकाम्या गोठ्यात त्यांचं काय काम होतं?

त्या दिवशी जीप बाभळींपाशी थांबली नाही.

माझं मन एकदम हलकं झालं. वाटलं, सुटला गुंता. म्हाताऱ्याला कळलं, पोराला कळलेलंच होतं, आता लपवायचं कुणापासून? भाऊबीज आठवड्यावर आली होती. मी मनात ताट मांडलं, करंज्या केल्या, अकोल्याला निरोप कुणाच्या हाती पाठवायचा तेसुद्धा ठरवलं. नाल्याचा उतार उतरताना मी शालिग्रामला म्हटलं, "आता तं बालेही कळलं. निवृत्तीले बोलवा. लोकायले सांगा, हूक पक्का होता म्हणून."

शालिग्रामनं समोर रस्त्याकडे बघतच मान हलवली. त्याला खरंच कळत नव्हतं मी काय म्हणते आहे.

"आता कशाले?" तो म्हणाला. "ट्रॉली तं नीट चालून राह्यली."